नवीन प्रकारच्या इग्निशनने गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

कोयनाकाठ
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. कऱ्हाडला राहतो. वडिलांची २००६ ची पल्सर १५० डीटीएस-आय अजून रोज वापरात आहे. बाबा गेल्यापासून ती विकायचा विचारही मनात येत नाही. पूर्वी लिटरला पन्नासच्या आसपास ॲव्हरेज द्यायची, आता चाळीस-एकेचाळीसवर आली आहे. सकाळी चार-पाच किका मारल्याशिवाय उठत नाही.

गेल्या आठवड्यात गावात प्रदर्शन होतं. तिथे एका स्टॉलवर 'प्लाझ्मा इग्निशन' विकत होते, म्हणजे कॉइल, वायर आणि खास प्लग. किंमत २८०० रुपये. ॲव्हरेज २५ टक्के वाढेल आणि धूर निम्मा होईल असं सांगत होते. त्यांनी टेबलावर दोन ठिणग्या दाखवल्या. साध्या कॉइलची बारीक, जांभळट. त्यांची जाड, पांढरीशुभ्र आणि कडकड आवाज करणारी. बघून मी गार झालो. पैसे काढायच्या आधी म्हटलं इथे विचारावं.

माझा प्रश्न नुसत्या त्या स्टॉलपुरता नाही. इग्निशनमध्ये जगभर खरंच काही नवीन चाललंय का? आणि त्यातलं जुन्या गाडीच्या उपयोगाचं काही आहे का?

बाळू_गॅरेज
२८०० रुपये खिशातच ठेवा. बाकीचं रात्री गॅरेज बंद केल्यावर लिहितो.

सावलीतला_माणूस
वाचनखूण साठवली. माझ्या मेहुण्याने असंच काहीतरी बसवलंय. लग्नात फुलबाजी लावावी तशी ठिणगी सगळ्यांना दाखवत फिरतो.

मीनल_का
एक बाळबोध प्रश्न. पेट्रोल तर सगळंच जळतं ना? मग ठिणगी जाड असली काय आणि बारीक असली काय, फरक कुठे पडतो? काडी कुठलीही असो, गॅस पेटला की झालं.

यंत्रशाळा
मीनलताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. पस्तीस वर्षं इंजिनाची प्रयोगशाळा सांभाळली, दर वर्षी पहिल्या तासाला हाच प्रश्न यायचा. तुमचं निम्मं उत्तर बरोबरच आहे. हवा आणि पेट्रोल नेमक्या प्रमाणात असतील, म्हणजे वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, तर ते मिश्रण पेटवायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा लागते. साधी कॉइल ३० ते १०० मिलिज्यूल देते. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आधीपासूनच आहे.

फरक पडतो तो वेळेत. ठिणगी पडली की सगळं मिश्रण एका क्षणात भडकत नाही. प्लगच्या टोकाशी ज्वाळेचा एक इवलासा गोळा तयार होतो आणि तो वाढत वाढत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जातो. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदात होतो. पिस्टन वर पोचायच्या ३० अंश आधी ठिणगी टाकली, तर तिथपर्यंत हातात असतात जेमतेम ०.८ मिलिसेकंद. ज्वाळा हळू चालली तर ठिणगी आणखी आधी टाकावी लागते. मग वर येणाऱ्या पिस्टनला आधीच जळलेला वायू खाली रेटू लागतो आणि कष्ट वाया जातात. म्हणून 'पेटलं की नाही' यापेक्षा 'किती पटकन आणि दर फेऱ्याला किती सारखं जळलं' हा खरा प्रश्न असतो.

इग्निशनमधलं गेल्या पन्नास वर्षांतलं बहुतेक संशोधन एका गोष्टीभोवती फिरतं. मिश्रण पातळ करायचं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि तरीही ते वेळेत जाळायचं. पातळ मिश्रणाचे फायदे असे: थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जास्त उघडा ठेवता येतो, त्यामुळे हवा ओढण्यात इंजिनाची शक्ती कमी जाते. जळताना तापमान कमी राहतं, म्हणून उष्णता भिंतीतून कमी पळते. आणि हेच तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवता आलं, तर नायट्रोजनचे ऑक्साइड फार कमी तयार होतात. अडचण इतकीच की पातळ मिश्रणात ज्वाळा रखडते, विझते. गाडी मिसिंग मारते.

मीनल_का
आता समजलं. पातळ मिश्रण म्हणजे ओलसर सरपण. काडी एक पुरत नाही, चार बाजूंनी पेटवावं लागतं.

यंत्रशाळा
अगदी! चार बाजूंनी पेटवायचं, हेच. पुढचं सगळं तुमच्या या वाक्याचा विस्तार आहे.

बाळू_गॅरेज
आलो. इचलकरंजीत तीस वर्षं गॅरेज आहे. पॉइंटला कानस मारून फिलर गेजने गॅप लावायच्या दिवसांपासून हे काम करतोय.

त्या स्टॉलवाल्याची टेबलावरची ठिणगी खरी असते, पण ती उघड्या हवेतली. सिलिंडरमध्ये दाब आठ-दहा पट असतो, तिथे ठिणगीला उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. टेबलावर जाड दिसली म्हणून आत तशीच पडेल असं नाही.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. ४० हजार व्होल्टची कॉइल म्हणून विकतात. पण कॉइल काही ४० हजार व्होल्ट प्लगमध्ये ओतत नाही. व्होल्टेज चढत जातं आणि गॅपमधून उडी मारण्याइतकं झालं की त्याच क्षणी ठिणगी पडते. प्लगला १२ हजार पुरत असतील तर १२ हजारलाच पडणार. उरलेलं कागदावर राहतं. चांगल्या कॉइलचा उपयोग गॅप झिजून वाढल्यावर होतो, नाहीतर दाब जास्त असलेल्या इंजिनात.

एक विचारतो. तुमच्या गाडीचे प्लग शेवटचे कधी बदलले? आणि काढल्यावर टोकाचा रंग कसा होता? बिस्किटी असेल तर ठीक. काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त.

कोयनाकाठ
बाळूदादा, दिवाळीत सर्व्हिसिंगला प्लग बदलला होता. रंग मी नाही पाहिला, मेकॅनिकने काढून टाकून दिला.

श्टुटगार्टकर
धागा वाचून राहवेना. मूळचा सांगलीचा, आता जर्मनीत हेच काम करतो. यंत्रशाळा सरांनी पाया घातलाच आहे, म्हणून थेट सध्याच्या कामाबद्दल लिहितो.

आज सगळ्यात जास्त जोर आहे तो प्री-चेंबर इग्निशनवर. मराठीत 'आगखोली' म्हणूया. प्लगच्या टोकावर शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाएवढी टोपी असते, साधारण एक घन सेंटिमीटर जागेची. तिला चार ते आठ बारीक भोकं. ठिणगी टोपीच्या आत पडते, आतलं मिश्रण झटकन जळतं, दाब चढतो आणि भोकांमधून ज्वाळेच्या धारा मुख्य सिलिंडरमध्ये सुटतात. एका ठिणगीऐवजी सिलिंडरभर एकदम पाच-सहा ठिकाणी आग लागते. मीनलताईंचं चार बाजूंनी पेटवणं ते हेच.

आमच्याकडे एका चाचणी इंजिनाला क्वार्ट्झची खिडकी आहे. तिथून वेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. आधी अंधार, मग टोपीच्या भोकांतून सहा निळसर धारा सुटतात, भिंतीकडे धावतात आणि मधल्या जागा भरून टाकतात. साध्या प्लगचा गोळा त्यापुढे रांगणाऱ्या बाळासारखा वाटतो.

याचे दोन प्रकार आहेत. एकात टोपीला स्वतःचं वेगळं इंधन मिळत नाही, पिस्टन वर येताना जे मिश्रण भोकांतून आत ढकललं जातं तेवढंच. दुसऱ्यात टोपीसाठी स्वतंत्र इंजेक्टर असतो. आतलं मिश्रण नेमकं ठेवून बाहेरचं खूप पातळ करता येतं, गरजेच्या जवळपास दुप्पट हवा घालूनही ते जळतं. अशा इंजिनांची उष्णतेतून काम काढायची क्षमता प्रयोगशाळेत ४० टक्क्यांच्या पुढे गेलेली आहे. साधं पेट्रोल इंजिन उत्तम चालत असताना ३५च्या आसपास असतं, शहरात तर त्याहून बरंच खाली.

पहिला प्रकार रस्त्यावर आलेला आहे. मासेरातीच्या नेत्तुनो इंजिनात २०२० पासून, ३ लिटर, सहा सिलिंडर, ६३० अश्वशक्ती. पण गंमत बघा, त्याच सिलिंडरला बाजूने दुसरा साधा प्लगही दिलेला आहे.

सावलीतला_माणूस
एवढी आगखोली देऊन परत साधा प्लग कशाला?

श्टुटगार्टकर
कारण आगखोलीचा स्वभाव हट्टी आहे. इंजिन थंड असताना आणि आयडलिंगला टोपीत आधीचा जळका वायू अडकून राहतो, ताजं मिश्रण नीट शिरत नाही. टोपीची भिंतही गार असते, ती ज्वाळेची ऊब शोषून घेते आणि धारा भोकातच विझतात. शिवाय गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा डबा) पटकन तापवायला ठिणगी मुद्दाम उशिरा टाकावी लागते, तेव्हा ही टोपी फारच त्रास देते. उलट फुल्ल लोडवर टोपी इतकी तापते की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. माझे गेले दोन हिवाळे याच कोल्ड स्टार्टमागे गेले. पहाटे शून्याखाली गारठवलेल्या खोलीत इंजिन चालू करायचं, पहिले दहा फेरे मोजायचे, किती चुकले ते लिहायचं, भोकाचा व्यास थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

यंत्रशाळा
श्टुटगार्टकर, छान लिहिलंत. इतिहासाची थोडी भर घालतो, कारण ही कल्पना नवी नाही आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९७० साली अमेरिकेत हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. तिथल्या मोठ्या कंपन्यांचं म्हणणं होतं की हे निकष ठरल्या मुदतीत पाळता येणार नाहीत. होंडा तेव्हा मोटारींच्या धंद्यात अगदी नवखी होती. तिने १९७२ साली सीव्हीसीसी हे इंजिन जाहीर केलं. प्लगजवळ छोटी खोली आणि तिला स्वतःचा तिसरा चिमुकला व्हॉल्व्ह. तो खोलीत दाट मिश्रण सोडायचा, मुख्य सिलिंडरमध्ये पातळ. दाट मिश्रण पेटायचं आणि त्याची ज्वाळा पातळाला पेटवायची. १९७५ च्या सिव्हिकमध्ये हे इंजिन अमेरिकेत विकलं गेलं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय निकष पाळून दाखवले. लहान इंजिनात जमतं, मोठ्यात जमणार नाही, अशी शंका घेतली गेली तेव्हा होंडाने शेव्हरोले इम्पालाच्या व्ही-८ इंजिनावर हीच रचना बसवली आणि तीही चाचणीत उतरवून दाखवली. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. न बोलता गाडी बनवून दाखवली.

तिकडे सोव्हिएत रशियातही व्होल्गा गाझ-३१०२ या मोटारीत १९८० च्या दशकात आगखोलीचं इंजिन होतं.

मग ही कल्पना मागे का पडली? कारण तीन कामं करणारा कन्व्हर्टर आला. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांना एकाच वेळी आवरतो, पण मिश्रण नेमकं १४.७ ला असेल तरच. मिश्रण पातळ केलं की ऑक्सिजन उरतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडवरचा त्याचा इलाज बंद पडतो. थोडंसंच पातळ केलं तर आणखी वाईट, कारण तिथेच हे ऑक्साइड सर्वाधिक तयार होतात. म्हणजे एक तर नेमक्यावर राहा, नाहीतर खूप पातळ व्हा. मधल्या वाटेला गेलात की मेलात.

कोयनाकाठ
सर, म्हणजे स्टॉलवाला 'धूर निम्मा' म्हणत होता, तो पीयूसीच्या कागदावर तरी दिसेल का?

यंत्रशाळा
पेट्रोल गाडीच्या पीयूसीत आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. मिश्रण जरा पातळ केलं की कागद सुधारतो आणि हवेत नको ते वाढतं. म्हणून अशा दाव्यांना पीयूसीचा कागद हा पुरावा होऊ शकत नाही.

विद्युतरथी
सगळ्यांचा आदर ठेवून म्हणतो, हे सगळं मेलेल्या घोड्याला नाल ठोकणं आहे. इलेक्ट्रिक मोटरची क्षमता ९० टक्क्यांच्या घरात. आणि तुम्ही ३५ चे ४० करायला दहा वर्षं घालवताय? तेच डोकं बॅटरीत घाला.

श्टुटगार्टकर
मोटरची ९० आणि इंजिनाची ४० अशी सरळ तुलना बरोबर नाही, मध्ये वीजकेंद्र येतं. तरी शहरातल्या स्कूटरसाठी तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण आज रस्त्यावर असलेल्या आणि पुढची पाच-सात वर्षं विकल्या जाणाऱ्या इंजिनाच्या गाड्या पंधरा वर्षं चालणार. त्यांचं काय? आणि हायब्रिडमध्ये तर आगखोलीचं नशीब उघडतं. तिथे इंजिनाला आयडलिंग नाही, सिग्नलवर उभं राहणं नाही, ठरलेल्या पट्ट्यातच चालायचं. ज्या दोन ठिकाणी टोपी रडते ती दोन्ही बॅटरी सांभाळते.

विद्युतरथी
हायब्रिडचा मुद्दा पटला. बाकी मतभेद कायम.

गोठ्यावरून
आमच्याकडे शिरोळ तालुक्यात गोबरगॅसवर जनरेटर आहे, त्यावरून लिहितो. या गॅसात मिथेन साठ टक्क्यांपर्यंत, उरलेला बराचसा कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तुमचं ते ओलसर सरपण आम्ही रोजच जाळतोय. सुरुवातीला पेट्रोलच्या सवयीने प्लगचा गॅप ०.७ मिलिमीटर ठेवला होता, लोड टाकला की धाप लागायची. मिस्त्रीने गॅप ०.३५ वर आणला, टायमिंग थोडं पुढे घेतलं, तेव्हा कुठे ठोका सरळ झाला. प्लग मात्र लवकर खपतात. टोक झिजून गोल होतं, पेन्सिल बोथट व्हावी तसं. गॅस कोरडा नसला की पोर्सेलिनवर पांढरट थरही बसतो.

आमच्याकडे ठिणगीचा जोर खरंच कामाला येतो. पण २५ टक्के वगैरे नाही हो. गाडी चालते की नाही, एवढाच फरक.

बाळू_गॅरेज
बरोबर. गॅसला करंट जास्त लागतो. सीएनजी रिक्षांचं तेच, म्हणून त्यांचे प्लग पेट्रोलवाल्यांपेक्षा आधी बदलतो.

श्टुटगार्टकर
गोठ्यावरून, वीज तयार करणाऱ्या मोठमोठ्या गॅस इंजिनांत आगखोली कित्येक वर्षं नेहमीची गोष्ट आहे. सिलिंडर पातेल्याएवढा रुंद असला की एका ठिणगीने काठापर्यंत पोचणं शक्यच नसतं. मोटारीत ती परत आली ती शर्यतीच्या मार्गाने. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंधनाचा प्रवाह तासाला १०० किलोवर बांधला. जास्त पेट्रोल ओतून जिंकायची सोय संपली, मग त्याच थेंबातून जास्त काढायला सगळे या टोपीकडे वळले. मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी बाकावर ५० टक्क्यांपुढची क्षमता गाठल्याचं जाहीर केलं.

सावलीतला_माणूस
म्हणजे शिरोळचा गोठा आणि फॉर्म्युला वन एकाच पंगतीत. वा!

मीनल_का
लेझरने पेटवतात असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं का?

यंत्रशाळा
खरं आहे. जपानमध्ये ओकाझाकीच्या संशोधकांनी प्लगच्या आकाराचा सिरॅमिक लेझर बनवून २०११ साली मांडला होता. लेझरचा फायदा असा की ठिणगी भिंतीजवळ न पडता सिलिंडरच्या मधोमध, हवी तिथे पाडता येते. धातूचं टोक नसल्यामुळे झीज नाही आणि ज्वाळेची ऊब चोरणारं काही नाही. पण ज्या काचेतून लेझर आत जातो तिच्यावर काजळी धरते, आणि खर्च अवाढव्य. कोरोना डिस्चार्जही तसंच: एका टोकावरून झाडाच्या फांद्यांसारख्या विजा मिश्रणात पसरतात आणि बऱ्याच जागी एकदम आग धरते. दोन्ही सुंदर आहेत, दोन्ही अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर.

माझ्या मते यातला सगळ्यात चतुर मार्ग माझ्दाने काढला, २०१९ चा स्कायॲक्टिव्ह-एक्स. तिथे ठिणगीने सगळं मिश्रण पेटवायचंच नाही. ठिणगीने एक लहान आगीचा गोळा तयार करायचा, तो फुगून बाकीच्या पातळ मिश्रणाला दाबतो आणि ते डिझेलसारखं आपोआप सगळीकडे एकदम पेटतं. म्हणजे ठिणगी हा दुसरा पिस्टन झाला. भारतात ही गाडी आली नाही.

पाटी_पेन्सिल_वकील
जोड-ठिणगीचा विषय निघालाच आहे आणि धागाकर्त्यांकडे डीटीएस-आय आहे, म्हणून थोडं अवांतर. बजाजने २००३ मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं. एका लहान सिलिंडरला दोन प्लग. त्याचं पेटंट घेतलं होतं. २००७ मध्ये टीव्हीएसची फ्लेम येणार होती, तिच्यातही दोन प्लग. दोघं मद्रास उच्च न्यायालयात गेले. २००८ मध्ये मनाई, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. सप्टेंबर २००९ मध्ये टीव्हीएसला गाडी विकायची परवानगी मिळाली, हिशोब ठेवायच्या अटीवर. त्याच आदेशात न्यायालयाने बौद्धिक संपदेचे खटले झटपट निकाली काढायला सांगितलं, म्हणून आम्ही आजही त्याचा दाखला देतो. शेवटी २०१९ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं.

दोन मिलिमीटरच्या ठिणगीवर बारा वर्षं!

बाळू_गॅरेज
ठिणगी एक मिलिमीटरपेक्षाही कमी, वकीलसाहेब. गॅप ०.७ ते ०.८.

पाटी_पेन्सिल_वकील
दुरुस्ती मान्य.

धावपट्टी
दोन प्लगवरून माझाही अनुभव. विमान शिकत असताना बारामतीच्या धावपट्टीवर रोज एक चाचणी करायचो. छोट्या विमानाच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारी यंत्रं) असतात. मुख्य कारण सुरक्षितता: एक गेला तरी दुसऱ्यावर उतरता यावं. उड्डाणाआधी इंजिन ठरल्या आरपीएमवर नेऊन एक मॅग्नेटो बंद करायचा, काटा बघायचा, परत चालू, मग दुसरा बंद. प्रत्येक वेळी आरपीएम शे-सव्वाशेने खाली यायला हवा. जास्त पडला तर प्लग खराब. अजिबात पडला नाही तर तेही वाईट, कारण मग तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये.

शिकवणारे सर म्हणायचे, हा काटा खाली येतो तोच दोन ठिणग्यांचा पुरावा. एका बाजूने पेटवलं की ज्वाळेला पूर्ण सिलिंडर ओलांडावा लागतो, उशीर होतो, जोर कमी पडतो.

यंत्रशाळा
धावपट्टी, या उदाहरणासाठी आभार. दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात प्लग मधोमध बसवायला जागा नसते, तो कडेला जातो. पल्सरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ५७-५८ मिलिमीटर. एका प्लगवर ज्वाळेला जवळपास पूर्ण रुंदी चालायची, दोन असले की निम्मी.

बाळू_गॅरेज
थांबा थांबा. धावपट्टीसाहेबांचं वाचून माझ्या डोक्यात आलं. कोयनाकाठ, तुम्ही वर लिहिलंय "प्लग बदलला". एकच?

डीटीएस-आयचा दुसरा प्लग अडचणीच्या जागी असतो, साधा पाना नीट बसत नाही. कितीतरी पोरं समोरचा बदलतात आणि गाडी देऊन टाकतात. एका प्लगवरही ती चालते, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. सकाळी उठायला त्रास, चढाला दम नाही, ॲव्हरेज कमी. तुमचीच लक्षणं.

विमानाची चाचणी घरी करा. गाडी गरम करा, आयडलिंगला ठेवा. मग बंद करून एका प्लगची कॅप काढा, त्या कॅपमध्ये एक जादा प्लग खोचून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवा. कॅप उघडी लटकत ठेवायची नाही, कॉइलवर ताण येतो. आसपास पेट्रोल सांडलेलं नको, गाडी चालू असताना वायरला हात नको. आता गाडी चालू करा. आवाज पडला तर तो प्लग काम करत होता. परत बंद करून दुसऱ्याचं तसंच. दोन्हींना वेगळी कॉइल असते, म्हणून एकेक कळतं.

कोयनाकाठ
दादा, रविवारी सकाळी करतो आणि सांगतो.

यंत्रशाळा
तोवर आणखी एक कारण सांगून ठेवतो. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे ई२० मध्ये हिशोबाने सहा-सात टक्के कमी. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं. आणि पातळ मिश्रणाला ठिणगी चांगली लागते, हे आता इथे सगळ्यांना पाठ झालं असेल. इंजेक्शनच्या नव्या गाड्या सेन्सर बघून पेट्रोल वाढवतात, तुमची पल्सर तसं करू शकत नाही.

पन्नासची पूर्ण अपेक्षा म्हणून ठेवू नका. पण एकेचाळीस हेही तिचं खरं ॲव्हरेज नव्हे.

श्टुटगार्टकर
मूळ प्रश्नाचं माझं उत्तर लिहून टाकतो. नवं इग्निशन खरं आहे, फायदाही खरा आहे. पण तो फायदा ठिणगीतून थेट येत नाही. ठिणगी सुधारली म्हणून इंजिन बनवणाऱ्याला कॉम्प्रेशन वाढवता येतं, मिश्रण पातळ करता येतं, नाहीतर जळका वायू परत आत घेऊन १४.७ वरच राहता येतं. टोयोटाने कॅमरी हायब्रिडच्या अडीच लिटर इंजिनात ४१ टक्के काढले ते असंच: सगळं इंजिन त्यासाठी नव्याने आखलं. बाकी काहीही न बदलता नुसती कॉइल बदलली, तर जे मिश्रण आधी पूर्ण जळत होतं तेच पूर्ण जळणार. वाढायला तिथे काही शिल्लकच नाही.

मीनल_का
चूल तीच, सरपण वाळलेलं, फक्त काडीपेटी भारी घेतली. असंच ना?

श्टुटगार्टकर
असंच.

सावलीतला_माणूस
मेहुण्याला हा धागा पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

कोयनाकाठ
आज सकाळी चाचणी केली. शेजारचा पोरगा मदतीला होता.

पहिली कॅप काढली, दुसऱ्या प्लगवर गाडी चालू करायला गेलो. आठ-दहा किका मारल्या. फट्ट नाही, काही नाही. ती कॅप परत लावली आणि दुसरी काढली. तिसऱ्या किकला चालू. आवाजात तिळमात्र फरक नाही. म्हणजे दुसरा प्लग कधीचा मेलेला होता आणि मी डीटीएस-आय एका ठिणगीवर चालवत होतो.

तो प्लग काढायला पाऊण तास गेला. बाबांच्या टूलकिटमध्ये तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक वाकडा पाना निघाला, त्यानेच नीट बसला. प्लग बाहेर आला तो पूर्ण काळा, ओलसर, टोकावर तेलाचा कडक थर. नखाने खरवडला तर डांबरासारखा निघाला. बाजूचं टोक झिजून पातळ झालेलं. नवीन जोडी ३०० च्या आत आली. गॅप ०.७ ला लावून दोन्ही बसवले. दुसऱ्या किकला उठली, आणि तो आवाज... कॉलेजात असताना बाबा संध्याकाळी गल्लीत वळायचे तेव्हा घरात कळायचं, तसा.

टाकी फुल्ल करून साताऱ्याला जाऊन आलो, परत फुल्ल केली. ४६ पडलं. एकाच फेरीचं आहे, अजून दोन करून सांगतो.

बाळू_गॅरेज
झकास. आता पाचशे किलोमीटर चालवून दुसरा प्लग परत काढा आणि रंग बघा. परत काळा, तेलकट झाला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा बघाव्या लागतील. फोटो इथे टाका. आणि तो वाकडा पाना जपून ठेवा, हल्ली मिळत नाही.

धावपट्टी
मॅग्नेटो चेक कऱ्हाडात! फार बरं वाटलं.

कोयनाकाठ
बाळूदादा, पाना परत त्याच फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पाचशे किलोमीटर झाले की फोटो टाकतो.